फोडणीच्या भाताची गोष्ट

काय मुलांनो, फोडणीचा भात कुणाकुणाला आवडतो? हात वर करा बघू! आमच्या वर्गात विचारलं तेव्हा ४२ पैकी ४१ हात वर गेले. बेचाळिसावा गडी बाकाखाली लपून डबा खात होता, म्हणून त्याचा हात मोकळा नव्हता इतकंच.

आजची गोष्ट या भाताचीच आहे. सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण यातली चूक माझी स्वतःची आहे. वर्गात रोज "हात धुतले का? नखं कापली का?" असं विचारणाऱ्या बाईंची!

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी माझ्या नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. तीस-पस्तीस माणसांचा स्वयंपाक केला. नेमका संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला आणि निम्मीच माणसं आली. रात्री आवराआवर करताना पाहिलं, तर मोठं पातेलं भरून साधा भात उरलेला. फ्रीजमध्ये मठ्ठा, दूध आणि फुलांच्या वेण्या. मुंगीला शिरायला जागा नाही. मग मी काय केलं? पाल-झुरळ पडू नये म्हणून पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं, वर वरवंटा ठेवला आणि झोपायला गेले. सकाळी फोडणीला टाकू, वाया थोडाच जाणार आहे!

सकाळी झाकण काढून वास घेतला. छान होता. भात उकरायला हात घातला तर मधला भाग अजून कोमट. मला वाटलं, वा! अजून ऊब आहे, म्हणजे ताजाच की! (हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतला चोर इथेच लपला आहे.) कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची घालून खमंग फोडणी केली, भात चांगला चटके बसेपर्यंत परतला. नऊ वाजता आम्ही खायला बसलो.

अकरा वाजता माझ्या मुलाला पहिली उलटी झाली. मग मला. दुपारपर्यंत मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, इतक्या उलट्या झाल्या की त्यांना उठवून बसवणंही कठीण झालं. वय ७२. त्यांना दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. ती रात्र मी त्यांच्या उशाशी बसून काढली. सलाईनचा एकेक थेंब मोजत होते, आणि मनात एकच, यांना काही झालं तर?

इकडे घरी तपास सुरू झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, जिलबी बाधली. कुणी म्हणालं, ऊन लागलं. सासूबाईंनी मीठ-मोहरी घेऊन सगळ्यांची दृष्टही काढली. पण डॉक्टरांनी मला एकच काम सांगितलं, "कुणी काय खाल्लं ते कागदावर लिहा." तुम्हीही लिहा पाहू. जिलबी आम्ही पाचही जणांनी खाल्ली होती. त्यातले आजारी पडले तीनच. सासूबाई ठणठणीत. त्या दिवशी एकादशी होती, त्यांनी सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली. नणंद ठणठणीत. बाळंतीण म्हणून तिला सकाळी ताजा मऊ भात शिजवून दिला होता. आता सांगा, चोर कोण?

"पण डॉक्टर, मी तो चांगला कडकडीत परतला होता," मी म्हणाले.

"बाई, परतून जंतू मरतात. त्यांनी करून ठेवलेलं विष मरत नाही."

मुलांनो, या जंतूचं नाव आहे बॅसिलस सिरियस. तो मातीत राहतो, त्यामुळे तांदळावर असतोच. तांदूळ कितीही धुतला तरी थोडा उरतोच. त्याची खुबी अशी, की संकट आलं की तो बीजाणू बनतो. बीजाणू म्हणजे कडक कवचात मुडपून झोपलेला जंतू. कुंभकर्ण म्हणा ना! भात उकळला तरी याची झोप मोडत नाही. पण भात शिजून झाला, गॅस बंद झाला, पातेलं हळूहळू कोमट झालं, की याला जाग येते. ओलावा आहे, खायला भात आहे, पांघरायला झाकण आहे. मग एकाचे दोन, दोनाचे चार. वाढता वाढता ते भातात एक विष सोडतात. ते फोडणीत, तव्यावर, कुकरमध्येसुद्धा नष्ट होत नाही. आणि वासही येत नाही, म्हणून माझं नाक फसलं.

हे शोधलं कसं ठाऊक आहे? १९७१ साली आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये चिनी पद्धतीचा तळलेला भात खाऊन लोकांना उलट्या झाल्याची प्रकरणं पुढे आली. तिथल्या हॉटेलांत आदल्या दिवशी भरपूर भात शिजवून तो तसाच बाहेर ठेवत आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं की तेलावर परतून देत. फ्रीजमध्ये ठेवला तर भाताचे गोळे होतात, म्हणून बाहेर! थोडक्यात, माझाच उद्योग, फक्त इंग्लंडात.

पण पातेलं गार व्हायला किती वेळ लागतो? मला चैन पडेना. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर शेजारच्या हायस्कुलातून ११० अंशांपर्यंतचा तापमापक मागून आणला. अन्न नासवायला मन होईना, म्हणून पाच लिटर पाणी उकळून पातेल्यात झाकून ठेवलं आणि गजर लावून रात्रभर उठत राहिले. (घरचे म्हणाले, बाईंना काय झालंय!) रात्री ९ वाजता ९५ अंश. साडेअकराला ६२. एक वाजता ५०. पहाटे तीनला ४१. सकाळी सहाला ३४! खोलीत २८ होतं. म्हणजे रात्रभरात ते पाणी गार झालंच नाही.

आता वहीत गणित करा. अन्न साधारण ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली असलं की जंतूंची डाळ शिजत नाही. मधला पट्टा त्यांचा. सोयीचं हवामान मिळालं की एका जंतूचे वीसेक मिनिटांत दोन होतात. रात्री एकपासून सकाळी सहापर्यंत पाच तास, म्हणजे १५ वेळा दुप्पट. एकाचे झाले ३२,७६८. नऊ वाजता नाश्त्याला बसेपर्यंत २४ वेळा दुप्पट, म्हणजे १,६७,७७,२१६! बरं, सुरुवात एकापासून धरली. भातात ते पुष्कळ असतात.

दुसऱ्या दिवशी तेवढंच गरम पाणी दोन मोठ्या परातींत पसरलं आणि पंखा लावला. अर्ध्या तासात बोट बुडवता येईल इतकं निवलं. पाणी तेच, घर तेच. फरक उंचीचा. खोल पातेल्याच्या पोटातली ऊब बाहेर यायला वाट सापडत नाही, पसरट भांड्यात तिला वाटच वाट.

तेव्हापासून आमच्या घरी जेवणं आटोपली की परात मांडली जाते. उरलेला भात ताटात दोन बोटांपेक्षा जाड नाही असा पसरायचा, वर जाळी ठेवायची. आमटी, उसळ, रस्सा छोट्या पातेल्यांत वाटून ती पातेली गार पाण्याच्या परातीत ठेवायची आणि पळीने ढवळत राहायचं. परातीतलं पाणी तापलं की एकदा बदलायचं. कोमट झालं की डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये, डब्यांच्या मध्ये वारा खेळायला जागा ठेवून. शिजल्यापासून फ्रीजपर्यंत दोन तासांच्या आत. गरम पातेलं उचलणं, ओतणं मोठ्यांचं काम बरं का! तुमचं काम परातीत पाणी भरायचं, जाळी आणायची, आणि घड्याळावर नजर ठेवायची. हे शेवटचं मोठ्यांना अजिबात जमत नाही.

सांगलीच्या एका मैत्रिणीने पत्रात विचारलंय, "बाई, आई म्हणते गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवली की फ्रीज बिघडतो. खरं का?" आईचं अर्धं खरं आहे. उकळतं मोठं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूधही तापतं आणि पातेल्याचा मधला भाग तरीही तासन्‌तास गरमच राहतो. पण म्हणून पूर्ण गार होण्याची वाट पाहत ते रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही. छोट्या डब्यातलं कोमट अन्न फ्रीजला सहज झेपतं. आणि हो, हॉटपॉटमध्ये रात्रभर भात ठेवणं तर माझ्या पातेल्याहूनही वाईट. तो ऊब धरून ठेवायलाच बनवलेला असतो!

फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशीच संपवायचा. खाण्यापुरताच काढून, आतपर्यंत वाफ येईल असा एकदाच गरम करायचा. वीज गेली तर दार उघडून पाहू नका. बंद फ्रीज सुमारे चार तास गारवा धरतो.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांचं काय? माझ्या वर्गात अशी पुष्कळ मुलं आहेत. त्यांना मी सांगते, रात्री भात मापातच शिजवायला सांगा, हवं तर वाटीभर कमी. कमी पडला तर भाकरी आहे. सकाळची शिळी भाकरी दुधात कुस्करून खुशाल खा. तिच्यात ओलावा कमी, म्हणून एका रात्रीत तिला काही होत नाही. पण रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्यावा लागतो. हे लिहिताना माझाही हात अडखळतो. माझी आजी ताटात शीतही राहू द्यायची नाही. पण त्या दिवशीचा दोन शेर भात वाचवायला गेले आणि मामंजींना दवाखान्यात पोचवलं.

कुणाला असा त्रास झालाच, तर डॉक्टर भेटेपर्यंत जलसंजीवनीचं पाणी घोटाघोटाने पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उलट्या थांबत नसतील, किंवा आजारी माणूस फार लहान वा वृद्ध असेल, तर वाट पाहू नका.

मामंजी आता छान आहेत. रोज रात्री नऊच्या बातम्या सुरू झाल्या की बाहेरच्या खोलीतून हाक येते, "सूनबाई, परात मांडली का?" आणि मी उत्तर द्यायच्या आत माझा मुलगा ओरडतो, "मांडली आजोबा, पाणी पण बदललं!"

या रविवारी आईला किंवा बाबांना विचारून, त्यांच्याच हातून, पातेलंभर गरम पाण्याचा प्रयोग करून बघा. तापमापक नसेल तर दर तासाला पातेल्याला बाहेरून हात लावून लिहा: चटका, गरम, कोमट, गार. तुमच्याकडचं पातेलं किती वाजता गार झालं, ते मला कळवा.

तुमच्या बाई