वणव्याचा कैवार पुरे झाला

फेब्रुवारी लागला की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना रात्री डोंगरावर लाल रेघा दिसू लागतात, आणि दर वर्षी त्याच चार गोष्टी ऐकू येतात. डोंगर जाळला की गवत जोमानं येतं. राखेनं जमीन कसदार होते. वणवा काय, उन्हानं आपोआपही लागतो. आणि लागलाच तर विझवायला वनखातं आहे. असं बोलणारी माणसं वाईट नाहीत. वाडवडलांकडून ऐकलेलं ती पुढे सांगतात. पण याच समजुतींच्या भरवशावर दर उन्हाळ्यात कुणाची तरी आंबा-काजूची बाग जळते, कुणाचा गोठा जळतो, कुणाची वर्षभराची वैरण उडवीसकट राख होते. तेव्हा त्या एकदा नीट तपासायला हव्यात.

गवताचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि तो पूर्ण खोटाही नाही. गेल्या साली वाळलेलं काड तसंच उभं राहिलं की नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही आणि गुरंही त्यात तोंड घालत नाहीत. ते जळून गेलं की पहिल्या सरींनंतर काळ्या डोंगरावर हिरवी लव चटकन डोळ्यांत भरते. गुराखी हे स्वतः पाहतो. त्याला वेड्यात काढून उपयोग नाही. पण उगवतं ते कोणतं गवत, हे कुणी विचारत नाही. मारवेल, पवना, डोंगरी ही आपल्याकडची चाऱ्याची उत्तम गवतं. ती वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून फुटतात. दर उन्हाळ्यात ठोंब भाजले आणि फुटवा वर येतो न येतो तोच गुरं सोडली, की ही गवतं मागे हटतात आणि कुसळी पसरते. कुसळीचं बी एकदा तळहातावर घेऊन बघावं. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार तोंड, दुसऱ्या टोकाला पीळ पडलेली लांब शेपटी. दवानं शेपटी भिजली की पीळ सुटतो, उन्हानं वाळली की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. वणवा वरून निघून जातो, बी खाली शाबूत राहतं. कोवळी असेतोवर गुरं कुसळी खातात. एकदा ती फुलोऱ्यावर आली की तोंडाला टोचते, मेंढरांच्या लोकरीतून कातडीत रुतते. म्हणजे चाऱ्यासाठी डोंगर जाळणारा माणूस साल-दरसाल स्वतःच्याच गुरांचा चारा खालावत नेतो.

राखेचंही तसंच. पालाश आणि चुना राखेत उरतो, हे खरं. नत्र मात्र मोठ्या प्रमाणात धुराबरोबर निघून जातं, आणि आपल्या उतारांवरच्या जांभ्याच्या जमिनीत आधीच कमी असतं ते तेच. उरलेली राख तरी जागेवर राहते का? एप्रिल-मेचा वारा तिच्यातली निम्मीशिम्मी उधळून लावतो, आणि मग रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणारा पाऊस उघड्या पडलेल्या उतारावर येतो. पाचोळ्याचं पांघरूण असतं तर त्यानं थेंबाचा मार सोसला असता, पाणी मुरवलं असतं. ते नसल्यानं राख जाते, तिच्याखालची मातीही जाते. डोंगर बोडका झाला, झरे फेब्रुवारीतच आटतात, अशी तक्रार करणाऱ्या गावांनी आपल्या वरच्या उताराकडे एकदा बघावं.

इथे राबाचा विषय हमखास काढला जातो. राब म्हणजे वणवा नव्हे. भाताच्या किंवा नाचणीच्या रोपासाठी ठरावीक तुकड्यावर पालापाचोळा, शेण, डहाळ्या पसरून तो भाजतात. माणूस शेजारी उभा असतो. घात होतो तो राब दुपारच्या वाऱ्यात पेटवून जेवायला घरी गेल्यावर. बांधावरून ठिणगी सड्यावर जाते आणि मग कुणाच्याच हातात काही उरत नाही. राब भाजायचाच असेल तर पहाटे, वारा पडलेला असताना, भोवतीचं गवत आधी साफ करून आणि पाण्याची कळशी जवळ ठेवून भाजावा. शिवाय कर्जत-नेरळकडून पसरलेल्या सगुणा भात तंत्रात रोपच करावं लागत नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, म्हणून राबाची गरजच उरत नाही. ज्यांना जमेल त्यांनी ही वाट धरावी.

आता ‘आपोआप’ची गोष्ट. वाळलेलं गवत पेटायला दोनशे अंश सेल्सिअसहून बरंच जास्त तापमान लागतं. भर मे महिन्यातला उघडा कातळ त्याच्या जवळपासही तापत नाही. बांबूवर बांबू घासून आग लागते म्हणावं, तर ज्या उतारावर बांबूचं एक बेट नाही तोही दर वर्षी पेटतो. वीज पडून लागते म्हणावं, तर आपल्याकडे विजा वळिवाबरोबर येतात, आणि वणवे फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र रात्रींत लागलेले असतात. आग सुरू कुठे होते ते पाहिलं की उत्तर सापडतं: घाटरस्त्याच्या कडेला, पायवाटेवर, शेताच्या बांधाशी, मधाच्या पोळ्याखाली, शिकारीच्या वाटेवर, डोंगरावर मुक्काम केलेल्यांच्या चुलीपाशी, झोळलेल्या विजेच्या तारांखाली. या सगळ्या जागा माणसाच्या वावराच्या आहेत. आपोआप लागतो म्हटलं की कुणीच जबाबदार राहत नाही, म्हणून ही समजूत इतकी टिकली.

वनखातं विझवेल हा भरवसा तर जीवघेणा आहे. उपग्रहावरून आग दिसते, हे बरोबर. भारतीय वन सर्वेक्षण संस्था तशा सूचना मोबाइलवर पाठवते आणि सामान्य माणूसही त्यासाठी नाव नोंदवू शकतो. पण हे उपग्रह दिवसातून काही ठरावीक वेळाच डोक्यावरून जातात, आणि तेवढ्या अवधीत गवताची आग अख्खी टेकडी चढून मोकळी होते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ज्वाळा वरच्या गवतावर झुकलेल्या असतात, गरम हवा ते आधीच भाजून ठेवते, मग पेटायला वेळ लागत नाही. म्हणूनच वणव्याच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नये. मार्च 2018 मध्ये तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचे गट आगीत सापडले आणि वीसहून अधिक माणसं गेली. आपल्याकडचे ट्रेकर त्याच महिन्यांत अशाच वाळलेल्या गवताच्या सोंडांवरून जातात.

वणवा विझवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला विचारावं. ऐनाच्या किंवा कारवीच्या हिरव्या डहाळ्या घेऊन, जळून गेलेल्या बाजूला पाय ठेवून, आगीच्या कडेवर वरून दाबत झोडायचं. डहाळी उंच उचलून आपटली की ठिणग्या मागे उडतात आणि पाठीमागे नवी आग लागते. कड विझली तरी काम संपत नाही. वाळक्या खोडांत, शेणाच्या गोवऱ्यांत विस्तव तासन्तास धुमसत राहतो आणि दुपारचा वारा सुटला की पुन्हा भडकतो. अशा वेळी 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन जरूर करावा, पण मदत पोहोचेपर्यंत ती कड गावालाच धरून ठेवावी लागते. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 79 नुसार, जंगलात हक्क असलेल्यांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधन आहे.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला पटत नाहीत. शहरातून दरसाल मागणी होते की काडी लावणाऱ्याला तुरुंगात टाका आणि डोंगरावर आग या गोष्टीलाच बंदी घाला. कलम 26 मध्ये शिक्षा आहेच. शिवाय राखीव जंगलात मुद्दाम किंवा बेपर्वाईनं आग लावली गेली तर तिथले चराईचे हक्क काही काळ स्थगित करण्याची तरतूदही आहे. पण रात्री डोंगरात काडी कुणी टाकली हे सिद्ध होणं दुर्मीळ, आणि चराई बंद झाली की भोगतात सगळेच, ज्यानं विझवायला रात्र जागवली तोही. संपूर्ण बंदी तर वणव्याला मदतच करेल, कारण वणवा अडवण्याचं जे सगळ्यात जुनं साधन आहे, ती जाळरेषा, तीही आगच आहे. गवत पुरतं वाळण्याआधी, जानेवारीत, थंड वेळी, दोन्ही बाजूंचं गवत कापून मधला पट्टा माणसांच्या पहाऱ्यात जाळून टाकायचा. नंतर वणवा तिथवर येतो आणि खायला काही न मिळाल्यानं विझतो.

शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र आपण भाषणांत नेहमी सांगतो, ते रयतेला तोशीस लावू नका या भागासाठी. त्याच पत्रात आगीबद्दल सांगितलेलं फार कुणी सांगत नाही. कोणी भलत्याच जागी चुली पेटवतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील, गवत पडलंय की वारा सुटलाय हे बघणार नाहीत. रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल. आणि एकदा गवताच्या गंजी जळाल्या की मग कुणाची मान मारली तरी बांधायला एक लाकूड मिळणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून चुली, आगट्या, दिवे बघावेत. शिक्षेनं जळालेलं परत येत नाही, म्हणून आधी फिरा, हा हुकूम आज ग्रामसभेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

मग करायचं काय? गवत जाळण्याऐवजी कापायचं. ऑक्टोबरच्या अखेरीस, फुलोऱ्यावर असताना कापलेलं गवत सर्वांत कसदार असतं, आणि कापलेल्या सड्यावर वणव्याला पळायला काही उरत नाही. आंब्याच्या कलमाला धरायला पाच-सात वर्षं लागतात. वणव्याच्या एका झळीत सालीखालचा जिवंत थर भाजला की ती वर्षं गेली. म्हणून बागेच्या गडग्याबाहेरचा पट्टा साफ ठेवणं झाडाखालचा पाचोळा हटवण्याइतकंच महत्त्वाचं. घराचंही असंच बघावं. पडवीला टेकवलेली जळाऊ लाकडं, माडाच्या वाळक्या झावळ्या, कौलांवर आणि पन्हळीत साचलेला पाला, गोठ्याला लागून रचलेली उडवी: वणव्याची ठिणगी घरात शिरते ती इथून. उडवी घरापासून आणि गोठ्यापासून लांब हवी, आणि परड्यातला कचरा संध्याकाळच्या वाऱ्यात पेटवून आत जाणं बंद व्हायला हवं.

हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच देवराईकडे पाहावं. तिच्यात सहसा कुणी काडी टाकत नाही, लागून आग आली तर माणसं धावतात, आणि गावातलं उन्हाळ्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी तिच्याच पायथ्याला असतं. डोंगर राखायचा कसा हे गावाला माहीत आहे.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. जाळरेषेला हात लागतात, आणि हात मुंबईला गेलेत. चाकरमानी शिमग्याला येतात, पण तोवर उशीर झालेला असतो. माघी गणपतीला येणाऱ्यांनी एक दिवस जास्त राहावं. ज्यांची बाग गावात आणि बिऱ्हाड ठाण्या-डोंबिवलीत आहे, त्यांनी निदान त्या दिवसाची मजुरी धाडावी. गावात आज सर्वांत जास्त गवत माजलंय ते कुलूप लावलेल्या घरांच्या परड्यांत, आणि आग तिथून शेजारच्या उघड्या घरात जाते.