संत्र्यावरील पाकोळी : अळी पाळून पाहावी

मृगाच्या सरी पडून संत्र्याच्या झाडांस नवती फुटली की वरुड, मोर्शी, शेंदूरजनाघाट या बाजूच्या रोपवाटिकांतून आणि अकोल्याकडील कागदी लिंबाच्या बागांतून एक तक्रार हमखास येते. जंबेरीच्या रोपांचे कोवळे शेंडे कुरतडले जातात, मागे नुसत्या शिरा उरतात. शेतकरी चार पाने तोडून गावपातळीवरील कार्यकर्त्यापुढे ठेवतो. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहानशी अळी असते. कार्यकर्ता औषधाचे नाव सांगतो आणि सायंकाळी पंप पाठीवर चढतो. अळी कोणती, किती आणि झाड केवढे, हे तीन प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

ही अळी पुच्छधारी फुलपाखरांच्या कुळातील आहे. या कुळातील पुष्कळ फुलपाखरांच्या मागील पंखांस शेपटीसारखे टोक असते. पण आपल्या बागेत सर्वांत जास्त आढळणाऱ्या लिंबावरील पिवळ्या-काळ्या फुलपाखरास नेमकी तीच शेपटी नसते. त्याच पानावर मॉर्मन नावाचे काळे, शेपटीवाले फुलपाखरूही अंडी घालते. लहानपणी दोघांच्या अळ्या इतक्या सारख्या दिसतात की जाणकारही फसावा. मोठ्या झाल्यावर दोन्ही हिरव्या होतात आणि डिवचल्यास डोक्यामागून उग्र वासाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढतात.

मॉर्मनच्या मादीची गोष्ट तर अधिक नवलाची आहे. एकाच मादीच्या अंड्यांतून निरनिराळ्या रूपांच्या मुली निघू शकतात. काही नरासारख्या, तर काही रानातील लाल अंगाच्या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल केलेल्या असतात. पक्षी त्या विषारी पाखरांस टाळतात, म्हणून नकलेलाही अभय मिळते. या रूपबदलाची किल्ली एकाच जनुकात आहे, असे डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातील मर्म एवढेच की, खरे लाल अंगाचे पाखरू संत्र्यास मुळीच अपाय करीत नाही. त्याची अळी सापसणीच्या वेलावर वाढते. अंग लाल असेल तर ते रानचे, काळे असेल तर ते बागेचे. एवढी खूण लक्षात राहिली तरी पुष्कळ काम झाले.

प्रदेश बदलला की कीटकाच्या सवयीही बदलतात. लिंबावरील हेच फुलपाखरू ऑस्ट्रेलियात वेगळ्या जातीने नांदते आणि तेथे ते लिंबूवर्गापेक्षा बावचीच्या जवळच्या वनस्पतींवर अंडी घालते. आग्नेय आशियातील जात मात्र लिंबूवर्गावर पोसते. ती २००४ साली समुद्रापार डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळली आणि पुढे शेजारच्या बेटांवरही पसरली. आपल्याकडे हे पाखरू संत्रा, लिंबू, बेल यांवर तर वाढतेच, शिवाय पडीत जमिनीतील बावचीवरही वाढते. यावरून कोणी बांधावरचा बेल तोडण्याचा सल्ला देतात. तो सल्ला अविचाराचा आहे. ज्या झाडावर कधी विष पडत नाही, तेथे अळीप्रमाणे तिचे शत्रूही तग धरून राहतात. अंड्यांत, अळीत आणि कोषात आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या हे ते शत्रू होत.

यास्तव प्रत्येक कार्यकर्त्याने नवतीच्या दिवसांत वीस-पंचवीस अळ्या पाळून पाहाव्यात. रुंद तोंडाची बरणी, तोंडावर मलमल, पाण्याच्या लहान बाटलीत खोचलेली फवारा न पडलेली कोवळी डहाळी आणि कोष बांधण्यासाठी एक सुकी काडी, एवढ्यावर भागते. डहाळी बदलीत जावी व विष्ठा काढून टाकावी. कोष कधी हिरवा, कधी तपकिरी होतो. आजूबाजूच्या रंगाचा तो परिणाम असतो, ती निराळी जात नव्हे.

“पाळीत बसलो तर रोपे संपतील,” असे शेतकरी म्हणेल, आणि रोपवाटिकेपुरते त्याचे म्हणणे खरे आहे. डोळा भरण्याच्या रोपाची पाने गेली तर ते मागे पडते आणि त्याबरोबर विक्रीही. तेथे थांबू नये. सकाळी वाफ्यांतून फिरून अंडी व अळ्या हाताने वेचाव्यात, अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. मोठी अळीच सर्वांत अधिक खाते, म्हणून उशिराचा फवारा बहुधा वाया जातो. परंतु आठ-दहा वर्षांच्या फळत्या झाडास थोडी पाने गेल्याने काही बिघडत नाही. तेथे केवळ मनाच्या समाधानासाठी फवारणी होते, आणि पंप ज्याच्या पाठीवर असतो तो बहुधा रोजाने आलेला मजूर असतो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. वर्‍हाडाला ही आठवण करून द्यावी लागू नये. तरी ती द्यावी लागते.

क्वचित बरणीतून निळ्या पट्ट्यांचे मोठे पाखरूही निघेल. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेला तो नीलवंत. त्याची अळीही लिंबूवर्गाची पाने खाते. त्यास सोडून द्यावे. बरणीवर गाव, झाड व तारीख यांची चिठ्ठी असावी आणि रिकामे कोष फेकू नयेत. वरच्या बाजूने उकललेला कोष फुलपाखराचा; ज्यास बारीक गोल छिद्र आहे, त्यातून गांधीलमाश्या गेल्या. दुसऱ्या प्रकारचे कोष अधिक निघाले, तर फळत्या बागेतील पंप त्या हंगामापुरता खुंटीवर टांगण्यास हरकत नाही.