भिंत काढण्याआधी, स्लॅब टाकण्याआधी: लांजा तालुक्यातील घरमालकांना जाहीर आवाहन

लांजा शहर व तालुक्यातील घरमालक, मुंबईकर चाकरमानी आणि कारागीर बंधू-भगिनींनो,

शिमगा उरकला की भांबेड-प्रभानवल्लीपासून साटवलीपर्यंत वाडीवाडीत घरांची कामे निघतात. कौले उतरवून स्लॅब टाकायचा, ओटी आणि माजघर यांमधली भिंत काढून मोठा हॉल करायचा, पडवी बंद करून खोली वाढवायची, वर पाण्याची टाकी बसवायची, एसी लावायचा. पावसाआधी काम आटपायचे असते आणि गणपतीत घर भरणार असते. या धावपळीत कोणते काम आपण उरकायचे, कोणते गवंड्याला सांगायचे आणि इंजिनीअरला कधी बोलवायचे, हे बहुतेक घरांत खर्चाच्या आकड्यावरून ठरते. काम थोडक्यातले असेल तर घरच्या घरी, मोठे असेल तर माणूस बघू, असा हिशेब होतो. हे आवाहन त्या हिशेबाविरुद्ध आहे. काम किती रुपयांचे आहे हा प्रश्न दुय्यम आहे. त्या कामाने घरावरचा भार वाढतो का, भार पेलणाऱ्या भागाला धक्का लागतो का, आणि चूक झाली तर ती दिसण्याआधीच कोणाच्या जिवावर बेतेल का, हे तीन प्रश्न आधी विचारायला हवेत. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर जाणकाराने पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये.

ही कसोटी नवी नाही. विजेच्या बाबतीत कायद्याने ती कधीच घालून दिली आहे. घरातला दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलायला परवानाधारक ठेकेदार लागत नाही, मात्र वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलणारे काम त्यानेच करायला हवे, ही तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही ती राहिली. नियम करणाऱ्यांनी कामाची किंमत पाहिली नाही, परिणाम पाहिला. जुन्या घरातली वायर चार दिवे आणि दोन पंखे धरून टाकलेली असते. त्याच वायरवर गिझर आणि एसी चढवले की ती भिंतीच्या आत तापत राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात जांभा कोरडा पडतो आणि अर्थिंगचा भरवसा राहत नाही. ३० मिलिअँपिअरचे गळती संरक्षण देणारे यंत्र मीटरनंतर बसवले, तर गळती होताच वीज तुटते आणि माणूस वाचू शकतो. ते बसवणे आणि अर्थिंग मोजून घेणे हे परवानाधारकाचे काम आहे.

आता भिंत आणि छपराकडे वळू. आपल्या जुन्या घरांत आरसीसीचे खांब नसतात. आढे, वासे, रिपा आणि कौले यांचे वजन चिऱ्याच्या भिंतींवर येते आणि भिंतींतून जोत्यात उतरते. म्हणजे मधली भिंत ही नुसती आडोशाची भिंत नसते, अनेकदा तीच घराचा खांब असते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीचा हिशेब करून पाहा. मंगलोरी कौले आणि रिपा यांचे वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो, म्हणजे त्या खोलीवर सुमारे सातशे किलो. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला, तर नुसत्या काँक्रीटचेच वजन साडेतीन टनांच्या घरात जाते. वर हजार लिटरची टाकी ठेवली की आणखी एक टन. मातीच्या जोडणीत बांधलेली भिंत आणि तिच्याखालचे जोते हा पाच ते सहापट भार घेईल की नाही, हे भिंतीकडे नुसते पाहून कोणी सांगू शकत नाही. पाया उकरून, चिरा आणि जोडणी तपासून, आकडेमोड करूनच ते ठरते. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारा हा मुलूख, आणि सह्याद्रीपलीकडे कोयना, जिथे ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला. भिंत एप्रिलमध्ये उभी राहिली म्हणून ती जुलैच्या पावसात किंवा जमीन हादरल्यावर उभी राहीलच, असे धरून चालता येत नाही.

लांज्याचे कितीतरी संसार मुंबईत आहेत, म्हणून तिथल्या दोन घटनांची आठवण करून देणे भाग आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची महापालिकेची इमारत कोसळून ६१ जण गेले. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधली चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर केलेल्या फेरफारांकडे बोट दाखवले गेले. घाटकोपरला तर नूतनीकरणात भार पेलणाऱ्या खांबांना धक्का लावल्याचे रहिवाशांनी सांगितले. आपली घरे एकमजली आहेत, इथे तेवढे काही होणार नाही, असे कोणी म्हणेल. घर बैठे असले तरी भिंतीखाली सापडलेल्या माणसासाठी फरक पडत नाही. आणि खांब नसलेल्या घरात एक भिंत हलली की छपराला दुसरा आधारही उरत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की आमच्या गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली, ती वादळांत टिकली, मग इंजिनीअर कशाला? गवंड्याचे ज्ञान खरे आहे आणि या आवाहनात त्याचा मान कमी करण्याचा हेतू नाही. चिरा कोणता घ्यावा, पागोळी कुठे पडू द्यावी, कौलाला उतार किती द्यावा, हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. त्या कामात तोच तज्ज्ञ आहे. पण त्याच्या बापजाद्यांनी ती भिंत कौलांसाठी बांधली होती, स्लॅबसाठी नव्हे. घराचे काम बदलले की भार मोजणारा माणूस सोबत लागतो. तो आराखडा देईल आणि गवंडी तो उभा करील, यात कोणाचाच कमीपणा नाही. उलट, उद्या काही बिघडले तर सगळा दोष एकट्या गवंड्याच्या माथी येत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा. तो खोटा नाही, कारण कर्ज काढून घर दुरुस्त करणारी माणसे इथे पुष्कळ आहेत. पण प्रत्येक कामाला इंजिनीअर लागतोच कुठे? रंग, गिलाव्याची डागडुजी, फुटकी कौले बदलणे, फरशी, नळाचा वॉशर, दाराची बिजागरी ही कामे खुशाल घरी किंवा ओळखीच्या कारागिराकडून करा. तिथे वाचलेला पैसा भार बदलणाऱ्या एका कामासाठी राखून ठेवा. स्लॅबच्या खर्चापुढे तपासणीची फी लहान असते. खचलेली भिंत नव्याने बांधणे मात्र परवडत नाही. वेळेचेही तसेच. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून लांब स्लॅबचे चौदा दिवस ठेवावे लागतात, सहा मीटरपर्यंतच्या तुळईचेही चौदा. पाणीही सात ते दहा दिवस मारावे लागते. मुंबईहून फोनवर ‘रविवारी टेकू काढा’ असे सांगून सिमेंट लवकर घट्ट होत नाही.

म्हणून विनंती अशी. भिंत पाडणे किंवा तिच्यात रुंद दार काढणे, कौलांच्या जागी स्लॅब, मजला वाढवणे, छतावर टाकी किंवा सौर पॅनेल, जोत्यालगत खोल खोदकाम, आणि वायरिंगमध्ये वाढ: यांपैकी काहीही करायचे असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला किंवा परवानाधारक वीज ठेकेदाराला घरी बोलवा, सल्ला लेखी घ्या आणि नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करा. आणि दुरुस्तीच्या निमित्ताने संडासाच्या टाकीत कोणालाही उतरवू नका, आतला वायू क्षणात जीव घेतो. चाकरमान्यांनी पैसे पाठवण्याआधी आराखडा मागावा. गवंडी बंधूंनी आराखड्याशिवाय भार पेलणारी भिंत फोडायला नकार द्यावा आणि घरमालकाने त्या नकाराचा राग मानू नये. नगरपंचायत आणि ग्रामपंचायतींनी दर फेब्रुवारीत, कामे निघण्याआधी, अभियंत्यांकडून मोफत सल्ल्याचा एक दिवस ठेवावा. या वर्षी घराला हात लावणार असाल, तर पहिला खर्च तपासणीवर करा.

आपला,
एक लांजेकर