प्रत्येक ओळीचा पहिला शब्द

ज्येष्ठ रुग्ण दवाखान्यात आले की रक्तदाब मोजता मोजता मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘सध्या काय वाचता?’ बहुतेकांना तो गप्पांचा विषय वाटतो. मी मात्र भूक, झोप आणि चाल यांच्या रांगेत वाचनालाही बसवले आहे. आयुष्यभर वाचत आलेला माणूस वाचायचा थांबला, तर त्यामागे काही तरी कारण असते, आणि ‘आता वय झाले’ हे त्या कारणाचे नाव होऊ शकत नाही. आज हे मी ठामपणे लिहीत असलो, तरी मला ते शिकवले एका बारा वर्षांच्या मुलाने आणि फास्टर फेणेच्या एका पुस्तकाने. त्यात माझी चूकही आहे. ती आधी सांगतो.

माझ्या एका रुग्णांना घरचे सारे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणतो. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून ते निवृत्त झाले. ऐतिहासिक कादंबऱ्यांचे मोठे वाचक. ग्रंथालयातील जाड पुस्तक चार दिवसांत परत करणारे. वयाच्या ७१व्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय लुळे पडले. पुढे व्यायामोपचार नेटाने झाले आणि चार महिन्यांत ते काठी टेकत अंगणात फिरू लागले. बोलणे स्वच्छ, आठवण शाबूत. सुटले होते ते फक्त वाचन. वृत्तपत्र हाती घ्यावयाचे, दोन मिनिटे पाहावयाचे आणि घडी करून बाजूला ठेवावयाचे. विचारले तर म्हणत, ‘हल्ली लिहिलेल्याचा अर्थच लागत नाही.’ घरच्यांनी चष्मा बदलून आणला. मग आणखी एकदा बदलला.

मी काकूंना धीर दिला. अशा आजारानंतर मन खचते, उमेद हळूहळू परतते, असे सांगितले. ते खोटे नव्हते. पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळांना येते आणि त्यावर उपचारही असतात. पण मी तेथेच थांबलो. पुढच्या खेपेस काकू म्हणाल्या, ‘डॉक्टर, जेवताना भाजी सगळी संपवतात, पण चटणी-कोशिंबिरीला हातसुद्धा लावत नाहीत. एवढी आवडायची!’ औषधांनी तोंडाची चव बदलते, असे मी उत्तर दिले. दाराच्या चौकटीवर त्यांचा डावा खांदा आपटतो, हेही त्यांनी सांगितले होते. पाय अजून अशक्त आहे, मी म्हणालो. प्रत्येक तक्रारीला माझ्याजवळ वेगळे उत्तर तयार होते. तिन्ही तक्रारी शेजारी ठेवून पाहाव्यात, हे मात्र सुचले नाही.

मे महिन्यात पुण्याहून नातू आला. त्याच्या पिशवीत भा. रा. भागवतांची फास्टर फेणेची पुस्तके होती. त्याच्या वडिलांच्या लहानपणीची, पाने पिवळी पडलेली. एक पान मी वाचणार, एक पान आजोबांनी वाचायचे, असा नियम त्याने परस्पर ठरवून टाकला. अण्णांनी कुरकुर केली, पण नातवापुढे चालेना. तिसऱ्या दिवशी त्याने आजीला सांगितले, ‘आजी, आजोबा प्रत्येक ओळीचा पहिला शब्द खातात.’ आधी त्याला वाटले, आजोबा गंमत करीत आहेत. मग त्याने स्वतःच एक प्रयोग केला. ओळीच्या आरंभी आपले बोट ठेवले आणि म्हणाला, ‘माझं बोट दिसलं की तिथून वाचा.’ अण्णांनी मान थोडी डावीकडे वळवली, बोट शोधले आणि ओळ अखंड वाचली.

हा तपास त्याने माझ्यासमोर अगदी गंभीरपणे मांडला. मी अण्णांना समोर बसवले. ‘माझ्या नाकाकडे पाहा’ असे सांगून दोन्ही हात फैलावले आणि एकेका हाताची बोटे हलवली. उजवीकडची बोटे त्यांना लगेच दिसली. डावीकडची बोटे मी हलवतच राहिलो, जवळजवळ मध्यावर येईपर्यंत त्यांना ती दिसली नाहीत. या तपासणीला दोन मिनिटे लागतात. उपकरण लागत नाही. सात महिन्यांत ती मी केली नव्हती.

आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात. अण्णांची आवड बदललेलीच नव्हती. ताटाची ती बाजू त्यांच्या दृष्टीपुढे येतच नव्हती.

हे कसे घडते, ते थोडक्यात सांगतो. पाहण्याचे काम डोळ्यांबरोबर मेंदूही करतो. समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग मेंदूची उजवी बाजू वाचते आणि उजवा भाग डावी बाजू. पक्षाघाताने यातील एका बाजूचा मार्ग तुटला, तर दोन्ही डोळ्यांपुढील तोच अर्धा भाग नाहीसा होतो. काही रुग्णांत दृष्टी शाबूत राहते, पण त्या बाजूकडे लक्षच जात नाही. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकत्र असतात. डोळे निरोगी असल्याने समोरच्या तक्त्यावरील अक्षरे नीट वाचता येतात, आणि म्हणून चष्मा कितीही वेळा बदलला तरी उपयोग होत नाही. विशेष म्हणजे रुग्णाला आपले काही हरवले आहे याची जाणीवही पुष्कळदा नसते. तेथे काळोख दिसत नाही. ती बाजू फक्त नसते. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. डावी बाजू गेलेल्याला ओळ संपल्यावर पुढच्या ओळीचा आरंभ सापडत नाही, आणि आरंभ नसलेल्या ओळींचा अर्थ कोणाला लागेल? उजवी बाजू गेलेल्यांची अडचण निराळी: पुढचा शब्द दिसत नसल्याने ते अडखळत, फार हळू वाचतात.

नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी करून निदान पक्के केले. गेलेली बाजू पूर्ण परत येईल असे आश्वासन त्यांनी दिले नाही. बरीचशी सुधारणा पहिल्या काही महिन्यांतच होते. मात्र मान आणि नजर डावीकडे नेण्याची सवय लावता येते. पानाच्या डाव्या समासावर लाल फीत ठेवावयाची. प्रत्येक ओळीला नजर फितीपर्यंत न्यावयाची आणि मगच वाचावयाचे. वाचत असलेल्या ओळीखाली जाड कागदाची पट्टी सरकवावयाची. हा सराव रोज लागतो, आणि रोज करावयाचा तर वाचावयास असे काही हवे की ज्याची ओढ वाटेल.

येथे मुलांची रहस्यमाला कामास आली. त्यांच्या आवडीच्या कादंबऱ्या मी आधी सुचवून पाहिल्या होत्या. दोन पानांची लांब वर्णने, शेकडो पात्रे आणि पक्षाघातानंतरचा थकवा, यांचे जमेना. त्या थकव्यात दहा-पंधरा मिनिटांपलीकडे लक्ष टिकत नाही. मुलांसाठी लिहिलेल्या अशा पुस्तकातले एक प्रकरण साधारण तेवढ्या वेळात संपते. वाक्ये आटोपशीर, संवाद पुष्कळ, पात्रे मोजकी आणि दर पुस्तकात तीच. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याचे विद्याभवन, त्याची सायकल आणि त्याचे ते ‘ट्टॉक्’ एकदा ओळखीचे झाले की पुढच्या पुस्तकात नव्याने लक्षात ठेवावे असे थोडेच उरते. ज्यांची तात्पुरती स्मृती कमजोर झाली आहे, त्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. शिवाय प्रकरण संपते ते बहुधा एखाद्या अडलेल्या क्षणी. आजारी माणसाचा दिवस गोळ्यांच्या वेळांनी आखलेला असतो. उद्यासाठी राखून ठेवलेले असे त्यात काही नसते. अर्धवट राहिलेले रहस्य ती जागा घेते.

फास्टर फेणे मी स्वतः शाळेत असताना वाचनालयाच्या पायरीवर बसून वाचला आहे, तेव्हा माझा कल तिकडे झुकणार, हे आपण समजून घ्याल. पण दुसरेही आहेत. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातून प्रथम भेटला. आज तो मराठीतही आहे. त्याच्या गोष्टी त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे सांगतो आणि पुढे त्यांना जटायू हे रहस्यकथालेखक येऊन मिळतात. ते वयाने मोठे, जरा भित्रे आणि फार लोभस आहेत. ज्येष्ठ वाचकांना बहुधा तेच सर्वाधिक आवडतात. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी एनिड ब्लायटन यांची ‘फेमस फाइव्ह’ मालिका आहे: १९४२ ते १९६३ या काळातील २१ पुस्तके, चार मुले आणि टिमी हा कुत्रा. अशा मालिकेतील पहिले पुस्तक आवडले, तर पुढे काय आणावे ही काळजी वर्षभर मिटते.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ‘मला काय आता बालवाडीत घालता?’ असे वडीलधारी मंडळी विचारतील आणि त्यांचे चुकणार नाही. पुस्तक औषधासारखे पुढे करू नये. नातवंडाला वाचून दाखवा, किंवा नातवंड वाचेल ते ऐका, असे म्हणावे. मग पुस्तक मुलांचे असण्यात कमीपणा राहत नाही. घरात नातवंड नसेल, तर काळजी घेणाऱ्याने स्वतःच्या आवडीने मोठ्याने वाचावे. तरीही नको म्हणाले, तर आग्रह सोडावा. व्यंकटेश माडगूळकरांच्या छोट्या कथाही त्यांना चालतील.

वाचताना परीक्षा मात्र घेऊ नका. ‘चोर कोण होता, सांगा बघू?’ हा प्रश्न विसरभोळ्या माणसाला किती लागतो, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसते. त्याऐवजी एका कार्डावर पात्रांची नावे आणि नाती मोठ्या अक्षरांत लिहून तेच खूण म्हणून पुस्तकात ठेवावे. स्मृतिभ्रंश पुढे गेला असेल, तर धाग्यादोऱ्यांची साखळी तुटते आणि रहस्य रहस्य म्हणून उरत नाही. मग एखादे गमतीचे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावे. आपल्याला कंटाळा येईल, त्यांना बहुधा येत नाही. अशा काही रुग्णांचा गोंधळ आणि भीती संध्याकाळी वाढते. त्यांच्यासाठी पाठलाग आणि अंधारी गुहा सकाळच्या वेळी बऱ्या. दिवा मागून, खांद्यावरून पानावर पडेल असा असावा. उतारवयात वाचनासाठी तरुणपणापेक्षा बराच अधिक प्रकाश लागतो. डाव्या मेंदूच्या पक्षाघाताने भाषाच बिघडली असेल, तर प्रथम वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणि हे कृपया घरातील सर्वांनी वाचावे. वाचन हळूहळू सुटले, तर मोतीबिंदू, श्रवणदोषामुळे आलेला एकलकोंडेपणा, नैराश्य, स्मृतिभ्रंश अशी कारणे शोधण्यास काही दिवस हाताशी असतात. पण काल वाचणाऱ्याला आज अचानक अक्षरे लागेनाशी झाली, एका बाजूचे दिसेनासे झाले, तोंड वाकडे झाले, हात गळाला किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ १०८वर दूरध्वनी करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. चष्म्याच्या दुकानात त्यातला एक तासही घालवू नका. दृष्टीची एक बाजू गेलेल्याने दुचाकी अथवा मोटार चालवू नये. रस्ता ओलांडताना त्या बाजूस कोणी तरी सोबत असावे.

काकूंनी मध्यंतरी कोशिंबीर ताटात उजवीकडे वाढून पाहिली. ‘ताट वाढायची रीत विसरलीस का?’ असे म्हणून अण्णांनी ती त्यांना परत डावीकडे ठेवायला लावली. आता ते मान वळवून ती शोधून खातात. कधी विसरतात, मग काकू काही न बोलता ताटच किंचित फिरवतात.

नातू जूनमध्ये पुण्यास गेला. रात्री आठ वाजता दोघे दूरध्वनीवर एकेक प्रकरण वाचतात. दोन्हीकडे एकच पुस्तक, आणि पुढचे कोणी आधी वाचावयाचे नाही असा करार. अण्णा अजूनही दोन पानांनंतर थकतात आणि उरलेले नातू वाचतो. मागच्या आठवड्यात काकू रक्तदाबाच्या गोळ्या न्यावयास आल्या होत्या. जाताना दारात थांबून हळूच म्हणाल्या, ‘दुपारी मी जरा आडवी झाले, की पुस्तक काढतात. लाल फीत रोज दोन प्रकरणं पुढे सापडते. पोराला सांगू की नको?’