खोक्यावर आवाजही छापा

प्रति,
महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, बहादूरशाह जफर मार्ग,
नवी दिल्ली

महोदय,

मी मूळचा मिरजेचा. नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालो आणि कॉलेजच्या दिवसांपासून हेवी मेटल ऐकतो. आपल्याकडे एकच मागणी आहे. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हेडफोनच्या आणि इअरफोनच्या खोक्यावर त्याच्या आवाजाचा मोजून काढलेला आलेख छापणं सक्तीचं करा. तो जास्तीत जास्त किती मोठ्याने वाजू शकतो, हा आकडाही सोबत द्यायला लावा. दोन हजारांच्या आतल्या मालापासून सुरुवात करा, कारण फसलेली खरेदी बाजूला टाकून दुसरी वस्तू घेणं त्या गिऱ्हाइकाला परवडत नाही.

इथला एस. पी. रोड, म्हणजे सादर पत्रप्पा रोड, ही विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी पेठ. भाचा यंदा इथे इंजिनिअरिंगला आला. त्याला दीड हजारात हेडफोन हवा होता, म्हणून त्याला घेऊन गेलो. दुकानदाराने सात-आठ खोकी काउंटरवर मांडली. ऐकून बघता येईल का, असं विचारलं, तर खोकं फोडलं की घ्यावंच लागेल, म्हणाला. त्याचंही चूक नाही, फोडलेलं खोकं त्याच्याकडून दुसरं कोण घेणार? मग आम्ही खोकी वाचत बसलो. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘डीप बेस’ आणि ‘४० मिमी ड्रायव्हर’. बाजूला ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ आणि बॅटरी किती तास चालते ते. मागे कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचा पत्ता, उत्पादनाचा महिना, आणि त्याखाली आपल्या ब्यूरोचं चिन्ह व नोंदणी क्रमांक.

वायरलेस हेडफोनला आपली नोंदणी सक्तीची आहे, हे चांगलंच आहे. वस्तू पेट घेणार नाही, विजेचा झटका बसणार नाही, एवढी खात्री त्या चिन्हामुळे मिळते. पण हेडफोन ऐकण्यासाठी घेतात आणि ऐकण्याबद्दल त्या खोक्यावर कामाचं एक अक्षर नव्हतं. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ ही तर माणसाच्या कानाची मर्यादा आहे. या दोन टोकांच्या मध्ये कोणता सूर किती उचलला जातो आणि कोणता दाबला जातो, हे दाखवणारा आलेख दिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. सगळ्या खोक्यांवर तोच आकडा होता, मग निवड कशावरून करायची?

हे पत्र मेटल ऐकणाऱ्याने लिहिण्याला कारण आहे. हेडफोनमधली खोट या संगीतात सगळ्यात आधी उघडी पडते. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो आणि मेटलवाले तो आणखी खाली उतरवतात. डिस्टॉर्शनमुळे त्या सुरावर उपसुरांचा थर चढतो आणि तो पाच किलोहर्ट्झच्या आसपास पोहोचतो. मिरजेत तंबोरा करणारे कारागीर घोडीवर जवारी काढतात, तारेखाली दोरा सरकवत सरकवत आवाज खुलवतात. त्या जवारीने तंबोऱ्याला जे मिळतं, तेच गिटारला डिस्टॉर्शनमधून मिळतं. मधले सूर दाबणाऱ्या हेडफोनमध्ये ही जवारीच मरते आणि गिटारच्या जागी नुसती घरघर उरते.

त्यातच दोन्ही पायांनी वाजणारा डबल बेस ड्रम. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत, मात्रेला चार ठोके असा वाजवला तर सेकंदाला तेराहून जास्त ठोके पडतात, दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंद. ठोक्याचा धक्का छातीत जाणवतो तो ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात, पण ठोका ‘पडला’ हे कानाला कळतं ते तीन-चार किलोहर्ट्झच्या टक् आवाजाने. स्वस्त हेडफोन खालचा पट्टा फुगवतात. एका ठोक्याची शेपूट पुढच्या ठोक्यावर येऊन बसते, टक् बुडते आणि तेरा ठोक्यांचा एकच दणदणाट होतो. आयर्न मेडन या बँडच्या स्टीव्ह हॅरिसची घोडदौडीसारखी बेस गिटार अशा हेडफोनवर लावून पाहा. बोटांचे फटके वेगवेगळे ऐकू येणं हीच तिची ओळख, आणि इथे तीच पुसली जाते.

बंगळुरूत हा काही चार टाळक्यांचा नाद नाही. आयर्न मेडन १७ मार्च २००७ रोजी पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. दिल्लीजवळचा कार्यक्रम रद्द झाल्यावर ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटालिका हा बँड वाजला तोही इथेच. २०१२ मध्ये बंगळूर ओपन एअर हा मेटलचा महोत्सव सुरू झाला. क्रिप्टॉस हा इथलाच बँड १९९८ पासून वाजवतो आहे. २०१३ मध्ये तो जर्मनीत वाकेनच्या महोत्सवात वाजवून आला आणि २०२४ मध्ये त्याचा ‘डेसिमेटर’ हा अल्बम आला. त्यांच्या गाण्यांत दोन गिटारी जोडीने चालतात. दुसरी गिटार वेगळी ऐकू येत नसेल तर त्या गाण्याचं निम्मं काम वाया गेलं. आपल्याच शहरातल्या मुलांनी मेहनतीने ध्वनिमुद्रित केलेलं संगीत आपल्याच शहरातल्या विद्यार्थ्याच्या कानापर्यंत धड पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण नुसत्या आवडीचा प्रश्न असता तर मी आपल्याला पत्र लिहिलं नसतं. हा कानांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. खालचे सूर वरच्या सुरांना झाकतात, हा कानाचा धर्म आहे. आवाज जितका मोठा तितकं हे झाकणं वाढतं. फुगवलेल्या बेसखाली गिटार आणि गाणाऱ्याचे शब्द बुडाले की ऐकणारा आवाज वाढवतो. वाढवला की बेस आणखी झाकतो, मग ऐकणारा आवाज अजून वाढवतो. भरीला हेब्बाळ ते सिल्क बोर्ड बसचा प्रवास, इंजिनाची घरघर, हॉर्न. तासाभराच्या त्या प्रवासात मुलं आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवून बसलेली रोज दिसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचं मानक प्रसिद्ध केलं. प्रौढ माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास, हे त्याचं माप. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला पाच तास, ९५ ला सव्वा तास, आणि हे सगळं अख्ख्या आठवड्याचं. ९५ डेसिबलवर ऐकणारा मुलगा सोमवारच्या जाण्या-येण्यातच आठवड्याचा वाटा संपवतो. कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. काही फोन आता किती डेसिबल ऐकलं ते दाखवतात. पण जोडलेला हेडफोन किती संवेदनशील आहे हे फोनला माहीत नसेल तर तो आकडा अंदाजापलीकडे जात नाही. म्हणून कमाल आवाजाचा आकडा खोक्यावर हवा.

उत्पादक म्हणतील, चांगला आवाज हवा तर पैसे मोजा. हे खरं नाही. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनांचे मोजलेले आलेख त्यांच्या किमतींशी ताडून पाहिले. आलेख आणि किंमत यांचा संबंध त्यांना सापडला नाही. सुराची घडण चांगली असणं हे महाग सामानापेक्षा ते जुळवणाऱ्याच्या कानावर आणि मेहनतीवर जास्त अवलंबून असतं. कॉसचा ‘पोर्टा प्रो’ १९८४ मध्ये आला, स्पंजच्या गाद्यांचा साधा हलका हेडफोन. आजही लोक तो आवडीने ऐकतात. बसमध्ये मात्र तो कामाचा नाही, बाहेरचा सगळा गोंगाट त्यातून आत येतो. तिथे सिलिकॉनची बोंडी नीट बसणारा, तारेचा कानातला इअरफोन मी सुचवेन. थोडक्या पैशात त्याच्याइतका स्वच्छ आवाज सहसा दुसऱ्या कशात मिळत नाही. बोंडी सैल बसली तर बेस गळून जातो आणि माणूस चांगल्या वस्तूला नावं ठेवतो, म्हणून खोक्यात दिलेले तिन्ही आकार लावून बघावेत. बाहेरचा आवाज किती अडतो हाही मोजता येणारा आकडा आहे. आलेखाशेजारी तोही छापायला लावा.

आवड ज्याची त्याची, असंही म्हटलं जाईल. मान्य. ज्याला दणदणीत बेस हवा त्याने तो खुशाल घ्यावा, पण बघून घ्यावा. आलेख कुणावर आवड लादत नाही. भाच्याला हवा होता तो आलेख मी कागदावर काढून दाखवला: शंभर ते तीनशे हर्ट्झमध्ये फुगवटा नको, एक ते चार किलोहर्ट्झमध्ये खड्डा नको, सात-आठ किलोहर्ट्झला झांजा कानात टोचतील असा सुळका नको. पाच मिनिटांत त्याला कळलं. तेवढं रेखाटन खोक्यावर असतं तर त्या सात-आठ खोक्यांमधून त्याचा हेडफोन त्यानेच निवडला असता. काही चिनी कंपन्या स्वस्त इअरफोनच्या खोक्यावरसुद्धा असा आलेख छापतात, म्हणजे जागा नाही किंवा परवडत नाही ही सबब चालणार नाही.

ध्वनिमुद्रणातच खोट असेल तर कुठलाही हेडफोन काही करू शकत नाही, हेही मला ठाऊक आहे. मेटालिकाच्या १९८८ च्या अल्बममध्ये बेस गिटार जवळपास ऐकूच येत नाही, आणि २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका चेपून मोठा केला की आवाज फाटतो. पण हेडफोनचा आलेख हाती असेल तर दोष गाण्याचा की यंत्राचा, हे ऐकणाऱ्याला ठरवता येतं. नाहीतर तो गाणंही सोडतो आणि हेडफोनही.

आपल्या संस्थेला हे काम नवं नाही. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आपणच आणलं. सोन्याच्या दागिन्यावरचा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कुठे तपासला ते कळतं, हीसुद्धा आपलीच व्यवस्था. वायरलेस हेडफोनचा नोंदणी क्रमांकही त्याच ॲपमध्ये तपासता येतो. तिथे त्या क्रमांकाखाली आलेख आणि कमाल आवाज दिसू लागला तर खोकं न फोडता माणसाला निवड करता येईल. मॉडेल नोंदणीसाठी प्रयोगशाळेत जातंच. तिथे कृत्रिम कानावर ठेवून एकदा मोजणी करायची. कान कोणता वापरायचा आणि आलेखाची पट्टी किती डेसिबलची, हे आपण ठरवून द्या. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या सोयीची पट्टी घेऊन डोंगरदऱ्या सपाट करून दाखवेल.

मानक ठरवताना आपण मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला करता. या विषयाचा मसुदा निघेल तेव्हा तो इथल्या पीण्या भागातल्या आपल्या कार्यालयातही ठेवावा आणि समितीवर कानांच्या डॉक्टरांबरोबर एखादा ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञही घ्यावा, ही विनंती. आमच्यासारखे ऐकणारे तो मसुदा वाचून मुदतीच्या आत लेखी सूचना पाठवतील.

आपला नम्र,
बंगळुरूतील एक मेटल श्रोता