इंडिकेटरचा बल्ब आणि एलईडीचा आग्रह

न्यूझीलंडच्या रस्त्यांवर जपानमध्ये वापरून आलेल्या गाड्यांची रेलचेल आहे. त्यांतल्या अनेक गाड्यांत अजून तारेचेच बल्ब आहेत, पार्किंग लाइटला ५ वॉटचा आणि इंडिकेटरला २१ वॉटचा. ते काढून एलईडी बसवा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो आणि त्यामागचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: एलईडी वीज कमी खातो, जास्त टिकतो, झटकन पेटतो, शिवाय नव्या गाड्यांत कंपन्या स्वतःच तो बसवतात. ही सगळी विधानं खरी आहेत. पण त्यांवरून, तारेच्या बल्बसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी खोचला की तो दिवा सुधारतो, असं जे अनुमान काढलं जातं ते टिकत नाही.

नुसता बल्ब म्हणजे दिवा नव्हे. मागचा रिफ्लेक्टर आणि पुढची काच हे बल्बमधली तार नेमकी कुठे असेल ते गृहीत धरून घडवलेले असतात. इंडिकेटरच्या अंबर बल्बचं प्रमाण २८० लुमेन आणि पार्किंगच्या छोट्या बल्बचं ५०, एवढ्या मोजक्या उजेडात काम भागतं ते या रचनेमुळेच. तारेचा उजेड सर्व बाजूंना पसरतो, तर एलईडीच्या चिप सपाट पट्टीवर बसवलेल्या असतात आणि ज्या दिशेला तोंड त्याच दिशेला प्रकाश फेकतात. खोक्यावर छापलेलं ‘दुप्पट लुमेन’ एकूण उजेड सांगतं, तो जातो कुठे हे सांगत नाही. गाडीसमोर उभं राहून मालक पाहतो तेव्हा लख्ख दिसतं, पण इंडिकेटर मालकासाठी नसतोच मुळी. राउंडअबाउटवर थांबलेला चालक उजवीकडून येणारी गाडी बाहेर पडणार की पुढे फिरणार, हे तिच्या डाव्या इंडिकेटरवरून ठरवतो, आणि तो दिवा त्याला तिरका दिसतो. त्या कोनातून उजेड कमी पडला, तर समोरच्या झगमगाटाचा त्याला उपयोग शून्य. ज्या गाड्यांत एकाच बल्बमध्ये पार्किंग आणि इंडिकेटरच्या दोन तारा असतात, तिथे तर फजिती आणखी मोठी. मूळ बल्बमध्ये मोठी तार ४४० लुमेनची, लहान ३५ची, म्हणजे बारापटीहून अधिक फरक. बदली एलईडीत हा फरक राखलेला नसला, तर पार्किंग लाइट चालू असताना इंडिकेटर लुकलुकतोय हेच पटकन कळत नाही.

मग येतो इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेचा प्रश्न. न्यूझीलंडमध्ये इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे आणि वळण्याआधी निदान तीन सेकंद दाखवला पाहिजे. म्हणजे समोरच्याला किमान तीन उघडझाप मिळतात. एलईडी इतका कमी करंट घेतो की जुन्या रिलेला बल्ब गेलाय असं वाटतं आणि इंडिकेटर पिसाळल्यासारखा फडफडू लागतो. ही गती मर्यादेबाहेर गेली की वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, नाकारलं जातं. यावर सुचवला जाणारा तोडगा म्हणजे ६ ओहमचा रेझिस्टर. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्टला तो ३० वॉटच्या आसपास वीज नुसती उष्णतेत घालवतो, मूळ बल्बपेक्षा जास्त! वीजबचतीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. त्याहून वाईट म्हणजे पुढे एलईडी बंद पडला तरी रेझिस्टर करंट घेतच राहतो, रिले शांतपणे टिकटिकतो आणि चालकाला पत्ताही लागत नाही. जलद फडफड ही खरं तर फुकट मिळालेली सूचना होती.

झटकन पेटण्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तारेला पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतात, आणि ताशी १०० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. पण हा हिशोब ब्रेक लाइटचा. तीन सेकंद दाखवायच्या खुणेत त्याला फारसं महत्त्व उरत नाही. कंपन्या एलईडी बसवतात म्हणावं, तर त्या चिप, भिंग आणि उष्णता वाहून नेणारा भाग मिळून सबंध दिवाच तसा घडवतात. जर्मनीने २०२० मध्ये हेडलाइटसाठी बदली एलईडीला परवानगी दिली तीसुद्धा नेमून दिलेल्या मॉडेलांपुरती, म्हणजे बल्ब आणि दिवा यांची जोडी तपासून.

मग सुधारणा करायचीच नाही का? करायची, पण आधी जिथे उजेड गळतो तिथे. होल्डर गंजला किंवा अर्थिंगची जोडणी सैल झाली की व्होल्टेज उतरतं, आणि तारेच्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. संपर्क घासून साफ करणं, पिवळी पडलेली काच पॉलिश करणं, अंबर लेप उडालेला बल्ब बदलणं, यांतून पुष्कळ उजेड परत मिळतो. पारदर्शक काचेमागे दिसणारा पिवळा गोळा डोळ्यांना खुपत असेल, तर विझलेला असताना चंदेरी आणि पेटल्यावर अंबर दिसणारे तारेचेच बल्ब मिळतात. दिसण्याची हौसही भागते आणि रिलेही बिघडत नाही.

स्वतंत्र बल्बच्या पार्किंग लाइटबाबत माझा विरोध बराच सौम्य आहे. तो लुकलुकत नाही आणि रिलेशी त्याचा संबंध नाही. पांढरा, बेताचा, चारी बाजूंना चिप असलेला एलईडी तिथे बसवून बाजूनेही नीट दिसतोय हे पाहून घेतलं, तर माझी हरकत नाही. निळसर छटेचा मात्र नको, वॉरंटच्या तपासणीत तो अडकतो.