यंत्राची सवत




विज्ञानमालिकेत पात्रांचे हेवेदावे शिरले की विज्ञान उंबऱ्याबाहेर राहते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. परंतु दोष मत्सराचा नसून, तो मत्सर कथेतील वैज्ञानिक कल्पनेतून उगवला आहे की वरून चिकटवलेला आहे, याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा आहे.

हेवा आणि मत्सर हे शब्द बोलण्यात एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी येथे त्यांत भेद करणे सोयीचे ठरेल. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही, या जाणिवेने होणारी जळजळ म्हणजे हेवा, आणि त्याला दोन माणसे पुरतात. आपल्या हक्काचे प्रेम किंवा स्थान कोणीतरी हिरावून नेईल या धास्तीतून येतो तो मत्सर, आणि त्याला तिसरा लागतोच. मराठीने या तिसऱ्या व्यक्तीला नातेही देऊन ‘सवतीमत्सर’ असा स्वतंत्र शब्द घडवला आहे. ही तिसरी जागा माणसानेच भरली पाहिजे असे नाही, ही विज्ञानकथेला मिळणारी मोठी सवलत होय.

ही सवलत वाया कशी जाते, हे ‘लाइफ ओके’ वाहिनीवर 2016 साली सुरू झालेल्या ‘बहू हमारी रजनीकांत’ या हिंदी मालिकेत दिसते. शान या शास्त्रज्ञाने घडवलेली रजनी ही स्त्रीरूपी यंत्रमानव सून म्हणून घरात वावरते, आणि ती यंत्र आहे हे घरच्यांना ठाऊक नसणे, यावर मालिकेचा विनोद उभा आहे. रिद्धिमा पंडित यांनी ही भूमिका झकास केली, यात वाद नाही. तथापि या मांडणीमुळे सासूला सुनेविषयी जे काही वाटते ते तिला माणूस समजूनच वाटते, आणि यंत्राविषयी मत्सर वाटू शकतो का, हा खरा प्रश्न उपस्थित होण्याआधीच निकालात निघतो.

याउलट 2015 साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘ह्यूमन्स’ या मालिकेत (तिचा मूळ आधार स्वीडिश मालिका आहे) अनिता हे घरकामाचे यंत्र आहे, हे घरातील प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. व्यवसायाने वकील असलेली आई, लॉरा, कामावरून परतते तेव्हा नवऱ्याने हे यंत्र तिला न विचारता आणलेले असते, आणि धाकट्या मुलीला गोष्ट ऐकायची असते ती आईकडून नव्हे, तर अनिताकडून, कारण अनिताला घाई नसते. पुढे अनिता स्वतःच सांगते की ती विसरत नाही, रागावत नाही, मात्र मुलांवर प्रेम करू शकत नाही. आईला सलते ते यंत्राचे प्रेम नव्हे, कारण ते नाहीच; सलतो तो त्याचा न संपणारा धीर. असा मत्सर कोणत्याही सासू-सुनेच्या मालिकेत बसवता येणार नाही, कारण यंत्र वगळले की तो उरतच नाही; वैज्ञानिक कल्पना आणि भावना एकजीव झाल्याची हीच कसोटी मानावी.

हेव्यालाही हीच कसोटी लागू पडते. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंद गतीने सरतो, हे सापेक्षता सिद्धांताचे प्रतिपादन आहे; कृष्णविवराजवळून परतलेला बाप स्वतःच्या मुलाच्या वयाचा असेल आणि पत्नी वृद्ध झालेली असेल, तर त्या घरात कोण कोणाचा हेवा करील, याचे उत्तर भौतिकशास्त्रानेच अवघड करून ठेवले आहे.

विज्ञानमालिका खर्चिक असते, ही सबब येथे टिकत नाही. ‘ह्यूमन्स’मधील सर्वांत बोचरे प्रसंग एका मध्यमवर्गीय घराच्या स्वयंपाकघरात आणि निजायच्या खोलीत घडतात, आणि मुंबईच्या मढ भागातील बंगले तर कौटुंबिक मालिकांच्या चित्रीकरणासाठी वर्षानुवर्षे भाड्याने दिले जात आहेत; तिथल्याच दिवाणखान्यात, त्याच सोफ्यावर, एक यंत्र उघडपणे यंत्र म्हणून बसवायचे आहे, एवढेच. कथांचीही वानवा नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 1974 साली जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हापासून लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर अशा लेखकांनी हे दालन समृद्ध केले आहे. मराठी वाहिन्यांनी त्यातील एक कथा निवडून, रोजच्या रतिबाऐवजी मोजक्या आठ भागांची मालिका करावी, आणि घरातील यंत्राचे गुपित पहिल्याच भागात फोडून टाकावे.

— एक वाचक, मढ, मुंबई